मुंबईची नावाजलेली सँडविचं खायची तर पावापासून सुरुवात करा

मुंबईत सँडविचसाठी नाव कमावलेल्या जागा भरपूर आहेत. धोबीतलावला इराण्याकडे ब्रून मस्का, म्हणजे कडक पावात लोणी, आहे, वांद्र्याच्या बेकऱ्यांमध्ये चिकन सँडविचं आहेत, जवळपास प्रत्येक स्टेशनबाहेर उडप्याकडे टोस्ट आणि ग्रिल आहे, अपोलो बंदरला ताजमध्ये चहासोबत येणारी कडा कापलेली नाजूक सँडविचं आहेत. अडचण येते ती खाण्याच्या पद्धतीत. बहुतेक जण नाव ऐकून जातात, मेनूकार्डावरचं सगळ्यात भरगच्च, डबल चीजवालं सँडविच मागवतात आणि ‘ठीक होतं’ म्हणत बाहेर पडतात. चीजने सगळ्याची चव सारखी करून टाकलेली असते. मग त्या जागेचं नाव कशामुळे झालं हे कळणार कसं?

म्हणून माझं सांगणं असं, की कुठेही गेलात तरी आधी तिथला पाव ओळखा आणि तिथलं सगळ्यात साधं सँडविच आधी मागवा. सारण कोणालाही वाढवता येतं. पाव, लोणी आणि चटणी एवढ्यावरच जिथे घास जमतो, ती जागा खरी. हे नजरेत बसलं की पुढची भरगच्च सँडविचंही जास्त समजून खाता येतात.

हॉटेलात जाण्याआधी गाडीवरचं एक खा

मुंबईच्या सँडविचचं माप गाडीवर ठरतं. हॉटेलांनी ते तिथूनच उचललं आहे. त्यामुळे फिरायला निघण्याआधी आपल्या भागातल्या, गिऱ्हाईक सतत असलेल्या गाडीवर जा आणि एक साधं, न भाजलेलं व्हेज सँडविच मागवा. आणि ते बनताना बघा.

चांगला सँडविचवाला पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसवर बटर लावतो तेव्हा सुरी कडेपासून कडेपर्यंत फिरते, चारही कोपरे झाकले जातात. हे नुसतं चवीसाठी नसतं. टोमॅटो आणि काकडी यांच्यात साधारण ९५ टक्के पाणीच असतं. बटरचा थर नसेल तर ते पाणी दोन मिनिटांत ब्रेडमध्ये उतरतं आणि सँडविच हातात लोंबायला लागतं. बटरवर कोथिंबीर-पुदिना-मिरचीची हिरवी चटणी, मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, बीट, टोमॅटो, कांदा. बटाटा खाली असण्यालाही कारण आहे, तो वरून झिरपणारं पाणी धरून ठेवतो. सँडविच मसाला मधूनमधून भुरभुरला जातो, पण त्यात काळं मीठ असतं आणि मीठ भाज्यांमधून पाणी ओढून काढतं. म्हणून जाणता माणूस मसाला टाकला की लगेच वरची स्लाइस ठेवतो, कापतो आणि हातात देतो. आधीच भरून ठेवलेली सँडविचं कुठे दिसली तर पुढे चला.

मग त्याच गाडीवर टोस्ट खा. लांब दांड्यांच्या हातटोस्टरमध्ये सँडविच दाबून शेगडीवर धरतात, एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने. कडा आपसूक चिकटून बंद होतात, आतली वाफ आतच राहते आणि बाहेरचा ब्रेड सोनेरी होतो. वरून पुन्हा बटरचा हात, सहा तुकडे, शेव, कागदी डिशमध्ये एका बाजूला चटणी आणि दुसऱ्या बाजूला सॉस. पहिला तुकडा सॉस न लावता खायचा. या दोन चवी, साधी आणि भाजलेली, लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक ठिकाणी मनातल्या मनात तुलना यांच्याशीच करायची आहे.

कांदा-बटाटा चालत नसेल तर जैन मागा. बऱ्याच ठिकाणी बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतात आणि ते चांगलं लागतं.

किती जणांनी जायचं

तिघं किंवा चौघं. एकट्याने गेलं तर दुसऱ्या ठिकाणी पोट भरतं, सहा जणांत एकाला कोपराच मिळतो. दोन सँडविचं मागवून चौघांत वाटायची, आणि मधला तुकडा सगळ्यांच्या वाट्याला येईल असं बघायचं, कारण कोपऱ्यात सारण कमी असतं. एका दिवसात तीन जागा पुरे. चौथ्या जागी जीभ बोथट झालेली असते. मध्ये पाणी प्या, चालत जा. गोड पेय किंवा मिल्कशेक शेवटपर्यंत टाळा.

इराण्याकडे: दोन पाव, एक लोणी

पहिली बैठक सकाळी, धोबीतलावला. मरीन लाइन्सला उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत आलं की जेर महाल इमारतीत कयानी अँड कंपनी आहे, १९०४ सालची. जवळच ससानियन आहे, १९१३ चं. जुन्या लाकडी खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, आणि गर्दी असेल तर टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायची रीत. संकोच करू नका, सरळ ‘बसू का?’ विचारून बसा.

ब्रून मस्क्याला सँडविच म्हणायचं का, असं कोणी विचारेल. दोन तुकड्यांच्या मध्ये काही ठेवून हातात धरून खातात ते सँडविच, एवढी सरळ व्याख्या मी धरते. आणि पाव समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण पावाशिवाय इथे लपायला दुसरं काहीच नाही.

बन मस्का आणि ब्रून मस्का दोन्ही मागवा. बन मऊ, गोडसर. ब्रून बाहेरून कडक, आतून जाळीदार. ब्रून हातात घेऊन आधी नुसता दाबून बघा: वरचं कवच कडकन तुटलं पाहिजे आणि आतला भाग दाबला तर परत वर आला पाहिजे. दाबल्यावर नुसताच चेपला आणि चामट वाटला तर पाव सकाळचा नाही किंवा हवेतला ओलावा लागला आहे. पावसाळ्यात हे फार होतं, म्हणून ब्रूनसाठी कोरडे महिने आणि सकाळची वेळ चांगली. मस्का सढळ हवा, पण वितळून पाघळलेला नको. थंडसर लोणी आणि कडक पाव एकाच घासात येणं यातच गंमत आहे.

चहा ‘पानी कम’ मागा, म्हणजे दाट येईल. ब्रूनचा पहिला तुकडा कोरडा खा, दुसरा चहात बुडवून. बुडवलेला तुकडा कपातच तुटला नाही, तर समजा पाव नीट भाजला आहे.

इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. मुंबईच्या पावाची चव बऱ्याच अंशी लाकडाच्या भट्ट्यांची आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेच्या प्रदूषणाचा विचार करून लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शहराला श्वास घेता यायला हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण जाड विटांची भट्टी सगळीकडून जी कोरडी, सारखी धग देते ती विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीत आणायला बेकरीवाल्याला नव्याने हात बसवावा लागतो. म्हणून एखाद्या ओळखीच्या बेकरीचा ब्रून पूर्वीपेक्षा वेगळा लागला तर लगेच फुली मारू नका. काही महिन्यांनी पुन्हा जा. आपण गिऱ्हाइकांनी एवढा धीर धरला तरच हे पाव टिकतील, असं मला मनापासून वाटतं.

खिमा पाव मागवायचा मोह होतोच. मागवा, पण ब्रून संपल्यावर, आणि खिमा ब्रूनमध्ये भरून न खाता मऊ पावासोबत खा. कडक कवचातून खिमा दाबला की तो बाजूने बाहेर येतो.

उडप्याकडे: ताटलीत आल्यावर काय बघायचं

उडप्याच्या हॉटेलातलं सँडविच कौतुकाच्या यादीत फारसं येत नाही. मला तो अन्याय वाटतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाने सगळ्यात जास्त वेळा हेच सँडविच खाल्लेलं असतं. माटुंगा, दादर, फोर्ट, अंधेरी, कुठेही चालतं. अट एकच, दुपारी चारच्या सुमारास जा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, भाज्या संध्याकाळसाठी नव्याने चिरलेल्या असतात आणि तवा-ग्रिलर गरम असतो.

व्हेज टोस्ट आणि चीज चिली टोस्ट असे दोन प्रकार मागवा. टोस्ट आलं की आधी एक तुकडा उघडून आत बघा. यात लाजण्यासारखं काही नाही. सारण कडेपर्यंत आहे का? टोमॅटो भाजताना पिचून गेला आहे का, की त्याची चकती शाबूत आहे? चटणी हिरवीगार आहे की काळपट? कापलेली कोथिंबीर हवा आणि उष्णता लागून काळवंडते, लिंबाच्या आंबटपणामुळे रंग जरा जास्त टिकतो. काळपट चटणी बहुधा सकाळची असते.

मग एक तुकडा बाजूला ठेवा आणि पाच मिनिटांनी खा. ही परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते. गरम असताना कुठलंही टोस्ट छान लागतं. पाच मिनिटांनंतर ज्याची खालची बाजू अजून ताठ आहे, त्याने बटर नीट लावलं होतं आणि आच योग्य ठेवली होती. मोठ्या आचेवर घाईत भाजलेलं टोस्ट बाहेरून लगेच रंगतं, पण आतला ओलावा तसाच राहतो आणि मग ते मऊ पडतं. ग्रिल सँडविचमध्ये वरची जड प्लेट भाज्या दाबते, त्यामुळे पाणी जास्त सुटतं. म्हणून ग्रिलमध्ये काकडी-टोमॅटोपेक्षा बटाट्याचं किंवा सिमला मिरचीचं कोरडं सारण चांगलं.

वेटरला आपलं म्हणणं सांगा. ‘दादा, कडक भाजा, आणि चटणी बाहेर पण द्या,’ एवढं म्हटलं की काम होतं. कडक सांगितल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक थांबू नये म्हणून लवकर उतरवतात.

वांद्र्यात चिकन आणि मेयोनेज

दुसरा दिवस वांद्र्यासाठी ठेवा. हिल रोडला होली फॅमिली हॉस्पिटलजवळ हर्श बेकरी आहे, आणि पाली हिलकडे कँडीज, रंगीत फरशीच्या तुकड्यांनी सजवलेल्या, चढ-उताराच्या जिन्यांच्या जागेत पसरलेलं. वांद्र्यातल्या गोवन आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांच्या खाण्याची सावली या बेकऱ्यांच्या मांडणीत दिसते: रोल, पॅटिस, बर्गर, मऊ पावातली चिकन सँडविचं. कँडीजमध्ये काउंटरवर जाऊन स्वतः निवडायचं, पैसे द्यायचे आणि जागा शोधून बसायचं. नवखा माणूस काउंटरसमोर गोंधळतो. आधी सगळ्या काचा एकदा फिरून बघा, मग रांगेत उभे राहा.

इथे जाण्याची वेळ महत्त्वाची. मेयोनेजमधलं चिकन उन्हाळ्यातल्या मुंबईत फार वेळ बाहेर राहू नये. शिजवलेलं मांस किंवा अंडं असलेला पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा साधा नियम आहे. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली ती अन्नातून विषबाधा होण्याच्या भीतीपोटीच. म्हणून जिथे माल भराभर उठतो अशा जागी आणि अशा वेळी जायचं. सकाळी उशिरा किंवा दुपारी, जेव्हा नवे ट्रे येत असतात. थंड काचेतलं सँडविच हाताला थंडच लागलं पाहिजे. कोमट लागलं तर दुसरं मागा. आणि ते बॅगेत टाकून समुद्रावर न्यायचा बेत करू नका, तिथेच खा.

चव बघताना चिकन तंतू-तंतू केलेलं आहे की चौकोनी तुकडे, याकडे लक्ष द्या. तंतू केलेलं चिकन मेयोनेज धरून ठेवतं आणि घास एकसंध लागतो. तुकडे मोठे असले तर चावताना घसरतात, पण मांसाची चव जास्त कळते. मला पहिला प्रकार आवडतो. मिरपूड शेवटी जिभेवर जाणवली पाहिजे, नुसता गुळगुळीतपणा नको.

बसून, शांतपणे: ताज आणि एग्ज केजरीवाल

ताज १९०३ मध्ये उघडलं. त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजच्या खिडकीतून गेटवे दिसतं. तिथला दुपारचा चहा महाग आहे, पण वाढदिवस किंवा पहिला पगार असं काही निमित्त असेल तर एकदा जावं. टेबल आधी फोन करून राखून ठेवा आणि खिडकीजवळचं मागा. इथल्या छोट्या सँडविचांमध्ये ब्रेड पातळ असतो आणि कडा काढलेल्या असतात, म्हणजे तुम्ही गाडीवर जे शिकलात त्याच्या नेमकं उलट. इथे ब्रेडने बाजूला व्हायचं असतं. ती आधी खा, गोड नंतर. वाढणाऱ्यांना आत काय आहे ते विचारा, छान सांगतात.

एग्ज केजरीवालचं जन्मस्थान विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब, आणि तो सभासदांसाठी आहे. टोस्टवर हिरवी मिरची घातलेलं चीज आणि त्यावर तळलेलं अंडं. देवीप्रसाद केजरीवाल यांच्या नावावरून हे नाव पडलं. घरी शाकाहार, म्हणून ते अंडं क्लबात खायचे, असं सांगतात. क्लबात ओळख नसेल तर लोअर परळला कमला मिल्समधल्या बॉम्बे कॅन्टीनमध्ये जा; २०१५ मध्ये सुरू झालेल्या या रेस्टॉरंटने हा पदार्थ बाहेरच्या लोकांपर्यंत आणला. वरचा पाव नसलेलं सँडविच आहे, त्यामुळे सुरी-काटा घ्या. पहिलं काम म्हणजे पिवळा बलक फोडून तो चीजवर पसरू द्यायचा, आणि मग लगेच खायचं, कारण खालचा टोस्ट फार वेळ दम धरत नाही.

चर्चगेटचं थंड सँडविच

दक्षिण मुंबईचा दिवस असेल तर शेवट चर्चगेटला, वीर नरिमन रस्त्यावर ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीतल्या के. रुस्तममध्ये. दोन पातळ कुरकुरीत वेफर आणि मध्ये आइस्क्रीमची जाड वडी. हातात येताच खायला लागा. कडेकडेने गोल फिरवत चाटून मग चावायचं, म्हणजे हातावर ओघळत नाही. अनेक स्वादांची यादी असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुधाची मूळ चव कळेल असा साधा स्वाद घ्यावा.

बेत आखताना

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक किंवा पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक असतो, तो आदल्या दिवशी बघून ठेवा. धोबीतलाव, फोर्ट आणि चर्चगेट पायी जोडता येतात. कुलाब्यापर्यंत बेस्टची बस किंवा टॅक्सी करा. वांद्रे याच दिवसात कोंबू नका, प्रवासातच भूक आणि उत्साह दोन्ही जातील. जुन्या जागांच्या वेळा आणि सुट्ट्या बदलत असतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. सुटे पैसे जवळ ठेवा. श्रावण किंवा चतुर्थी सोबतच्या कोणाची असेल तर वांद्र्याचा दिवस पुढे ढकला आणि उडपी-इराणीचा आधी घ्या.

जून ते सप्टेंबर कच्च्या भाज्यांचं सँडविच कमी खा आणि भाजलेलंच मागा. बीट-काकडी धुताना पाणी कुठलं वापरलं हे आपल्याला दिसत नसतं.

जिथे खाल तिथे मोबाइलवर चार शब्द लिहून ठेवा: पाव, चटणी किंवा लोणी, ताजेपणा, आणि पाच मिनिटांनंतरची स्थिती. गुण देण्यापेक्षा शब्द लिहिलेले बरे. ‘कडा कडक, चटणीत लिंबू कमी’ असं लिहिलं असेल तर पुढच्या वेळी काय मागायचं ते कळतं.

घरच्यांसाठी काही न्यायचं असेल तर टोस्ट, ग्रिल आणि मेयोनेजचं काहीही पार्सल करू नका. बंद डब्यात वाफ अडकून टोस्ट ओलं होतं. इराण्याकडून खारी, मावा केक आणि न कापलेले ब्रून घ्या. ब्रून कागदी पिशवीतच ठेवा आणि फ्रिजमध्ये घालू नका. फ्रिजच्या थंडीत पावातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रूनवर पाण्याचा हलका हात फिरवून तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं गरम करा, झाकण काढून आणखी एक मिनिट ठेवा, कवच पुन्हा कडक होतं. अमूल बटर घरात असतंच.